काचेवरचं पिवळं बोट

१

बनुबाईचं कुणी खरं मानलं नाही. पायगोंडा अण्णांनी मानलं नाही, त्यांच्या शिकलेल्या पोरानं मानलं नाही, मुकादम तर तोंडावर हसला. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं, पण खिडकीबाहेर बघत. आणि ज्याच्यासाठी तिनं घसा फोडला, जन्मात केलं नव्हतं ते केलं, त्यानंही. पण ते शेवटचं. आधी काचेचं सांगायला पाहिजे.

सांगलीतून हरिपूरकडे जाताना नदीच्या अंगाला अण्णांचं हळदीचं आवार होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला तिथं नुसतं मोकळं रान दिसायचं, चार बाभळी आणि पत्र्याच्या शेडा. माल सगळा जमिनीच्या पोटात, पेवांत. पेवाचं तोंड एवढंसं, माणूस खांदे आवळून आत जाईल इतपत, आणि आत पोट रांजणासारखं सुटलेलं. त्यात हळद भरून तोंड मातीनं लिंपून टाकलं की वर्षं गेली तरी कीड लागत नाही. माल काढायचा झाला की तोंड फोडायचं, आतला कोंडलेला वारा जाऊ द्यायचा, मग दोरीला बांधून कंदील सोडायचा. कंदील जळत राहिला तर माणूस उतरायचा. विझला तर त्या दिवशी कुणी पेवाच्या वाटेला जायचं नाही. खाली गेलेल्याला वरचा माणूस नावानं हाका मारत राहणार आणि खालचा ओ देत राहणार. ओ थांबली की दोर ओढायचा. बापजाद्यांपासून असंच चाललेलं.

बनुबाई त्या आवारातल्या हपिसात झाडलोट करायची, माठ भरायची, टेबलं पुसायची. चौथी शिकलेली होती, अक्षर जुळवून वाचायची. जिभेला हाड नव्हतं, असं मुकादम म्हणायचा. तिचा नवरा ज्ञानू पेवात उतरणाऱ्या गड्यांतला.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर अण्णांचा पोरगा अतिशय पुण्याहून शिकून आला आणि हपिसात कंपूटर बसला.

२

तोवर कुठल्या पेवात कोण उतरणार हे नानासो मुकादम ठरवायचा. बोट करून म्हणायचा, "तू आन तू." त्यात त्याचा मेहुणा कधी यायचा नाही, भावकीतले कधी यायचे नाहीत. गडी कुरकुरायचे. अण्णा वैतागले होते. मग अतिशयनं मशीनमध्ये दोन याद्या घातल्या, मराठी अक्षरांत. डावीकडं पेवांची नावं. चिंचंखालचं, विहिरीकडचं, आंधळं, अशी जी पडलेली होती तीच. उजवीकडं गड्यांची. मयूरी नावाची वाईकडची पोरगी मशीनवर बसायची, सांगलीत मावशीकडं राहायची ती. तिनं माऊस फिरवून पेवावर टिचकी मारायची, मग पाळी असेल त्या गड्यावर. टिचकी पडली की त्या नावावर निळी पट्टी यायची. मग छापायचं मशीन कर्रकर्र करत चिठ्ठी ओकायचं आणि नानासो ती घेऊन जायचा.

"आता वशिला नाही," अण्णा सगळ्यांना सांगायचे. "मशीनला मेहुणा नसतो."

बनुबाईला ते आवडलंच होतं. नानासोचं तोंड उतरलेलं बघून तिला त्या दिवशी भाकरी गोड लागली.

ती सकाळी सगळ्यांच्या आधी यायची. कुलूप काढायची, झाडून घ्यायची, मग ओल्या फडक्यानं टेबल आणि कोरड्यानं मशीनची काच. एका सकाळी काचेवर हळदीचं बोट उठलेलं दिसलं. चांगलं ठळक, रेषान् रेषा मोजून घ्यावी असं. तिनं पुसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच.

"मयूरी, हळदीचं हात लावत जाऊ नगं गं काचंला."

"काकू, मी शेडकडं फिरकत पण नाही. मला शिंका येतात."

"मग मुकादम आसंल."

"ते? ते तर दारातूनच बोलतात. मशीन धरून ठेवील असं वाटतं त्यांना."

मयूरीनं मशीन चालू केलं. याद्या उमटल्या तेव्हा बनुबाईनं सहज बघितलं. बोट होतं ती जागा उजवीकडच्या यादीखाली येत होती, सगळी नावं संपतात त्याच्या खाली, कोऱ्या जागेवर. तिला वाटलं, कुणाला तरी या मशीनची रीत ठाऊक नाही. माऊस माहीत नाही. बोट लावून बघतंय.

त्यानंतरच्या सकाळी बोट थोडं वर सरकलं होतं. यादीतल्या शेवटच्या नावावर. शेवटचं नाव लालासाहेबाचं होतं.

३

त्या दिवशी मयूरीनं टिचकी मारली दुसऱ्याच नावावर आणि निळी पट्टी गेली लालासाहेबावर. तिनं पुन्हा मारली. पट्टी हलली नाही. तेवढ्यात चिठ्ठी आली आणि नानासो ती घेऊन गेलासुद्धा.

लालासाहेब उतरला तो थोड्याच वेळात दोराला हिसके द्यायला लागला. वर काढला तेव्हा डोळे पांढरे, अंगभर हळद. लिंबाखाली बसून ओकला. पाणी पाजलं तेव्हा म्हणाला, "आई हाय खाली."

"आयला, सकाळी सकाळी घेऊन आलाय," नानासो म्हणाला. सगळे हसले.

"आईनं हाक मारली. 'लाला, ये बाळ, ताट वाढलंय.' तिची हाक मला वळखू येत न्हाई व्हय?"

लालासाहेबाची आई वारून बरीच वर्षं झाली होती. तो त्या दिवसानंतर कामावर आला नाही. मिशीवाला एवढा थोरला गडी, पण घरात आड बघितला की मागं सरतो, असं त्याची बायको सांगत होती.

बनुबाई फडकं हातात घेऊन अतिशयच्या टेबलासमोर उभी राहिली.

"आतिशयदादा, मशीन चुकलं."

"मशीन चुकत नाही, बनुबाई. मयूरीची टिचकी चुकली." पोरगा स्वभावानं वाईट नव्हता. खुर्ची सरकवून त्यानं तिला दाखवलं. "हे बघा. यादीतली कुठली ओळ निवडली ते मशीन मला आकड्यानं सांगतं. पहिली ओळ म्हणजे शून्य, दुसरी म्हणजे एक. काहीच निवडलं नसेल तर उणे एक. मी त्याला विचारतो, ते सांगतं, मी त्या नावाची चिठ्ठी काढतो. एवढंच आहे."

"आन निवडली कुणी, ते सांगतंय का?"

"म्हणजे?"

"वळ कुटली ते सांगतंय. बोट कुणाचं ते इचारतासा का त्याला?"

अतिशय हसला. "त्याची गरज काय? खुर्चीत बसलेला असतो तोच निवडतो."

"काचंला बोट लावलं तर कळतंय का त्याला?"

"काच आहे ती. काचेला काय कळणार?"

बनुबाईला ते पटलं. खरंच पटलं. काचेला काय कळणार? तिनं स्वतःशी हिशेब लावला. कुणीतरी गडी जाता येता बोट लावत असेल, पोरगी माऊस नीट धरत नसेल, लालासाहेब पीतच होता. तीन गोष्टी, तिन्हीला तीन कारणं. फक्त हपिसाची किल्ली तिच्या कनवटीला असायची आणि संध्याकाळी कुलूप तीच लावायची. हे तेवढं कारणात बसत नव्हतं.

४

"लाला बेवडा हाय," ज्ञानू भाकरी मोडत म्हणाला.

"बेवडा हाय, पर तुमच्यापरास धीट हाय. तुमी पालीला भिता."

"पाल अंगावर पडती. पेव पडत न्हाई."

"कंदील सोडतासा का अजून?"

"आता कशाला? त्वांड कवा फोडलं त्ये मशीनमदी घालत्यात. तेवडा येळ झाला की चिठ्ठीवरच येतंय, 'मोकळं' म्हणून. नानासोनं कंदील शेडात टांगून ठिवलाय. तेल वाचतंय म्हणला."

"मशीनला वास येतोय व्हय?"

"तुज्यागत नाक न्हाई त्याला." ज्ञानू हसला. त्याचं हसणं चांगलं होतं, त्याच्या हसण्यावरच तिनं एवढी वर्षं काढली होती. "आगं, तू म्हणती तर मी सांगतो नानासोला, कंदील सोड म्हणून. पर त्यो इचारणार, कोण म्हणतंय? मी काय सांगू, बायकू म्हणती?"

"सांगा की. लाज वाटती?"

"तुला माजं नाव घ्यायला वाटती तेवडीच."

हे त्याचं जुनंच. बनुबाई कुणाच्या बापाला भ्यायची नाही, पण नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं. लग्नात बायका नाव घे म्हणून दार अडवून बसल्या, तेव्हाही तोंडाला पदर लावून तिनं काहीतरी पुटपुटलं होतं, ते शेजारच्या करवलीलाही कळलं नाही. रेशनच्या दुकानात सुद्धा म्हणायची, "लिवा की, ठावं हाय न्हवं तुमाला." घरात "आवं". रानातनं "आवं". त्या एका शब्दात ती जेवायला बोलवायची, भांडायची, झोपेतनं उठवायची. शंभर बायकांच्या "आवं"मधनं ज्ञानूला तिचा कळायचा.

"एकदा घे की," तो म्हणाला. "बघू तरी कसं वाटतंय तुज्या तोंडी."

"तुमी मेल्यावर घीन."

दोघंही हसले. दोघंही चांगले हसले, हे तिला पुढं फार आठवलं.

५

त्यानंतर काच कितीतरी दिवस स्वच्छ होती. बनुबाई विसरत चालली होती.

मग एका सकाळी बोट परत आलं. लालासाहेबाच्या ओळीच्या वर. खालून वर चढत होतं ते, पेवातनं येतात तसं. वरची ओळ कुणाची हे तिला मशीन चालू न करताही ठाऊक होतं.

तिनं फडकं मारलं. बोट तसंच. थुंकी लावून घासलं. फिनेल लावलं. नखानं खरवडलं. नख काचेवरनं सरकत होतं, त्याला काही लागत नव्हतं. तिनं डोळा काचेला टेकवून बाजूनं बघितलं. काच जाड होती. बोट काचेच्या पलीकडच्या अंगाला होतं.

ती मागं सरली आणि तिचा पाय बादलीत गेला.

मयूरी आली तेव्हा बनुबाई ओल्या लुगड्यानिशी मशीनसमोर उभी होती. "आज हे नाव काडू नगं."

"कुठलं नाव, काकू?" मयूरीनं बटण दाबलं. याद्या उमटल्या.

"हेच. त्यांचं."

"त्यांचं म्हणजे कुणाचं? आज विहिरीकडचं पेव आहे. नाव सांगा ना."

बनुबाईनं तोंड उघडलं. नाव जिभेवर आलं आणि तिथंच बसलं. एवढ्या वर्षांची सवय, ती काय एका सकाळी मोडते? मग तिनं दुसरं केलं, कुठल्याही बाईनं केलं असतं तेच. बोट पुढं करून काचेवर टेकवलं.

"ह्यांचं," ती म्हणाली.

तिच्या बोटाखाली ओळ निळी झाली.

मयूरीचा हात माऊसवर नव्हता. तिच्या हातात डब्याची पिशवी होती अजून. तेवढ्यात छापायच्या मशीनचं कर्रकर्र सुरू झालं. बनुबाईनं बोट ओढून घेतलं. तिचं बोट कोरडं, फिनेलचा वास येणारं. पण काचेआडचं पिवळं तिच्या बोटाच्या मापाचं होतं. आधीही तेवढंच होतं का, हे तिला सांगता येईना.

"बदल," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणावर पण नेऊन ठिव ती पट्टी. नानासोच्या मेव्हण्यावर ठिव."

मयूरी टिचक्या मारत होती. पट्टी हलत नव्हती. दारातनं नानासोचा हात आत आला. बनुबाईनं त्याच्या आधी चिठ्ठी फाडून घेतली आणि चुरगाळून माठात टाकली.

नानासो शांतपणे म्हणाला, "आता कशाला, बाई? नाव बघितलं मी. मोकळं लिवलंय त्ये बी बघितलं."

तिथनं ती नवऱ्याकडं पळाली असती तर. पण तिला वाटलं, मालकाच्या शब्दाशिवाय नानासो थांबायचा नाही. ती अण्णांच्या खोलीत गेली. अण्णा देवपूजा करून आले होते, कपाळाला गंध ओलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं. बोट काचेच्या आतनं आहे हेही ऐकलं.

"बनुबाई, घरी जा. धंद्याच्या जाग्यावर अंगात आणायचं नाही."

"माज्या अंगात काय बी येत न्हाई, अण्णा. तुमी फकस्त कंदील सोडा म्हणा. एवडं म्हणा."

"मशीन कशाला आणलंय मग?" अण्णा म्हणाले आणि फोन उचलला.

६

विहिरीकडचं पेव आवाराच्या टोकाला होतं. शेजारच्या शेडमध्ये बायका हळद निवडत बसल्या होत्या. बनुबाई पोचली तेव्हा ज्ञानू छातीपर्यंत आत गेला होता. कंबरेला दोर, दोराचं टोक नानासोच्या मुठीत. नुसती मान आणि दोन हात वर, जमिनीतनं उगवल्यासारखे. कंदील कुठं नव्हता.

"आवं" म्हणून ओरडावं तर शेडमधल्या सगळ्याच बायका आपापल्या माणसांना तसंच ओरडायच्या. ज्ञानूला तिचा आवाज कळला असता. पण पळून पळून तिचा घसा बसला होता, आवाज तिचा राहिला नव्हता, आणि तिला वाटलं, आता असं काहीतरी ओरडलं पाहिजे की तो थांबलाच पाहिजे.

"ज्ञानू," ती ओरडली. "ज्ञानू, उतरू नगं. ज्ञानू."

शेडमधल्या बायका उठून उभ्या राहिल्या. एका म्हातारीनं तोंडावर हात मारला. ज्ञानूनं मान वळवली. त्यानं बनुबाईकडं बघितलं, ऊन तिच्या पाठीमागनं येत होतं, त्याचे डोळे बारीक झाले. बाजारात कुणी भलत्याच बाईनं हाक मारावी तसा तो बघत होता.

तेव्हा खालनं हाक आली.

"आवं."

हळू होती. जेवायला बोलवताना असते तशी, शेवटाला जरा ओढलेली. बनुबाईनं ती कानानं ऐकली. तो तिचा आवाज होता. तिच्या घशात तो आता नव्हता, तो खाली होता.

ज्ञानूचा चेहरा निवळला. "आलो," तो खाली बघून म्हणाला. त्यानं एक हात आत घालून कंबरेची गाठ आपणच सोडली आणि मान, मग वर राहिलेला हात, सगळं आत गेलं.

नानासोनं दोर ओढला. दोर रिकामा आला.

बनुबाई पेवाच्या तोंडाशी आडवी पडली. आतनं ऊन वास आला, कुजट गोड. डोळे अंधाराला सरावेपर्यंत काही दिसलं नाही. मग खाली ज्ञानूचं मुंडासं दिसलं, हळदीच्या ढिगावर. आणि त्याच्या शेजारी, अंधारातनं पुढं आलेलं एक बोट. पिवळं. त्याच्या कपाळावर टेकलेलं, काचेवर टेकवावं तसं. मग ते वर वळलं आणि वर बघणाऱ्यांतलं एकेक तोंड निवडत असावं तसं फिरायला लागलं, हळूहळू, आणि कुणीतरी बनुबाईचे पाय धरून तिला मागं ओढलं.

कंदील आणून सोडला. तो निम्म्यात विझला. लिंबाच्या डहाळ्या दोराला बांधून वरखाली करत गड्यांनी आत वारा घातला. मग तोंडाला ओली फडकी बांधून दोघं उतरले आणि ज्ञानूला घेऊन आले. श्वास होता.

खाली दुसरं कुणी नव्हतं, असं ते दोघं म्हणाले.

७

ज्ञानू मिरजेच्या दवाखान्यात डोळे मिटून पडला होता, आणि आवारात हवालदार खुर्ची टाकून बसला होता.

नानासो म्हणाला, बाई येड्यासारखी वरडली, गडी दचकला. अण्णा म्हणाले, बाईच्या डोक्यात काही दिवसांपासून खूळ होतं. मयूरी रडत होती. रडत रडत तिनं खरं तेच सांगितलं, की काकूंनी त्या नावावर बोट ठेवलं आणि मग चिठ्ठी आली.

"बोटानं होतंय का तसं?" हवालदारानं विचारलं.

"होत नाही," अतिशय म्हणाला. "दाखवतो तुम्हाला. त्या वेळी कुठली ओळ निवडली होती ते मशीनमध्ये असतं." त्यानं काहीतरी टाइप केलं. बनुबाई त्याच्या पाठीमागं उभी होती. काचेवर एक आकडा आला. त्याच्या आधी आडवी रेघ होती. उणे एक. तिला ते आठवत होतं. काहीच निवडलं नसेल तर.

अतिशय पटकन बटणाकडं वाकला आणि मशीन बंद करून टाकलं. "हँग झालंय," तो म्हणाला. "पण बाईंनीच काहीतरी दाबलं असणार. किल्ली त्यांच्याकडंच असते."

"आरं पोरा, आकडा बघितलास न्हवं तू आत्ता?" बनुबाई म्हणाली.

ठीक आहे, तिनं मनात म्हटलं. सगळे बोला. एक माणूस उरलाय. तो डोळे उघडील, आणि तो सांगील. त्यानं मला बघितलंय. मी त्याच्यासाठी नाव घेतलंय.

ती खाटेशेजारी फरशीवर बसून राहिली. कुणी येऊन बाहेर हो म्हणालं तरी हलली नाही. शेवटी एका दुपारी ज्ञानूनं डोळे उघडले. पाणी मागितलं. तिनं चमच्यानं पाजलं. तो तिच्याकडं बघत होता. चमच्यावरचं तिचं बोट बघून त्यानं अंग चोरलं.

हवालदार आला, खाटेजवळ उभा राहिला. "बोलता येतंय का? वरनं एक बाई ओरडत होती, तुझं नाव घेऊन. ऐकलंस?"

"व्हय."

"कोण होती?"

"ठावं न्हाई. कोण तरी परकी. उनात त्वांड दिसलं न्हाई. माजं नाव घेत हुती."

"आवं," बनुबाई म्हणाली. तिचा आवाज हळू आला, शेवटाला ओढलेला.

ज्ञानूनं दोन्ही हातांनी कान दाबले आणि भिंतीकडं सरकला. परिचारिका धावत आली.

"मग दोर का सोडलास?" हवालदारानं विचारलं. "खाली कुणी बोलावलं तुला?"

ज्ञानूनं भिंतीकडं तोंड ठेवूनच हात मागं केला. बोटांत अजून हळद होती, नखाच्या कडांना, कितीही धुतली तरी न जाणारी. एक बोट लांब करून त्यानं ते तिच्याकडं रोखलं.

"नाव सांग," हवालदार म्हणाला.

"बनुबाई."